घासून काढलेले कंगोरे

लिही. आणि मी रागानं बोलले तर रागानंच लिही, मध्ये साखर पेरू नकोस. तुझ्या बापाची आत्या, माझी नणंद, तिच्याबद्दल सांगायचंय. तिला सगळे शंखी म्हणायचे. लहानपणापासून दगडातले शंख गोळा करायची म्हणून शंखी, आणि मोठी होऊन तेच शिकली, त्याचीच नोकरी धरली, मग तर नाव चिकटलंच. लग्न केलं नाही. आमच्याकडेच राहायची, मागच्या खोलीत. नणंद-भावजय म्हटलं की लोकांना भांडणं आठवतात. आमची भांडणं झाली, नाही असं नाही, पण न्हाणीघरात कोण किती वेळ बसतं यावरून. बाकी ती माझी मैत्रीणच.

तिचं काम काय ते मला डबा पोचवता पोचवता कळलं. संग्रहालयाच्या मागच्या बाजूला तिची खोली. भिंतभर खण, खणांत कापूस, कापसावर दगडाचे शंख. वास सगळा डिंकाचा आणि धुळीचा. शंख कसले, तर समुद्रातल्या एका प्राण्याचे, जो आता जगात कुठेही उरलेला नाही. दोरीचं वेटोळं घालून ठेवावं तसे गोल. अमोनाईट म्हणायचं त्यांना. मी तिला विचारलं होतं, हा आत राहायचा कसा? तर म्हणाली, वहिनी, हा बिऱ्हाड बदलत नाही. मोठा झाला की पुढे नवी खोली बांधतो आणि मागचं दार लिंपून टाकतो. सगळ्यात पुढच्या खोलीत हा, मागच्या सगळ्या रिकाम्या. म्हटलं, आपल्या घरमालकाला सांग हे, तो एका खोलीत सहा जण कोंबतो.

त्या लिंपलेल्या भिंतींच्या कडा शंखावर नागमोडी रेघांसारख्या दिसतात. त्या रेघांवरून घराणं कळतं. पण घराण्यातला नेमका कोण, ते कळतं अंगावरच्या कंगोऱ्यांवरून. कंगोरे किती, जाड की बारीक, कुठे फुटतात. जसं नाकावरून आपण म्हणतो ना की हा अमक्यांच्यातला, आणि मग चालीवरून कळतं की हा धाकटा. तसंच.

तर तिला एक शंख सापडला. दगडाच्या खाणीतून आणलेल्या धोंड्यात अर्धा रुतलेला. दोन वर्षं ती सुईनं तो मोकळा करत होती. भिंगाखाली धरायची आणि कणकण उडवायची. सुई शंखाला लागू द्यायची नाही, आजूबाजूच्या दगडालाच लावायची. मान अवघडायची तिची, मी रात्री तेल चोळून द्यायची. आणि तो मोकळा झाल्यावर दिसलं की याचे कंगोरे वेगळे आहेत. त्या घराण्यात सगळ्यांचा कंगोरा आतून एक निघतो आणि बाहेरच्या कडेशी जाऊन दोन होतो. याचे तीन होत होते. सगळीकडे तीन. म्हणजे नवी जात. आजवर कुणी न सांगितलेली. शंखी मला नख फिरवायला लावायची, बघ वहिनी, इथे एक, आता फुटला, आता तीन. माझ्या खरखरीत बोटालासुद्धा कळायचं.

नवी जात सांगायची म्हणजे त्यांच्यात असं असतं की एक शंख खुंटा म्हणून ठेवायचा. पुढे जगात कुणालाही शंका आली तर त्यानं येऊन तोच शंख बघायचा. त्याचं वर्णन लेखात लिहून छापायचं: केवढा, किती जाड, काय मोडलंय, काय झिजलंय, सगळं. तिनं मापं घेतली, चित्रं काढली. फोटो तेवढे राहिले होते. फोटोच्या आधी शंखावर पांढरा धूर बसवतात म्हणे, म्हणजे कंगोरे उठून दिसतात, आणि ते यंत्र दुरुस्तीला गेलेलं.

तेवढ्यात साहेबाला अवदसा आठवली. साहेब म्हणजे तिचा वरचा. काचेच्या कपाटांचं नवं दालन उघडायचं होतं, मोठे पाहुणे येणार होते. शंखी खाणीवर गेलेली. यानं तिच्या खणातून तो शंख उचलला आणि फरशा चमकवणाऱ्या माणसाकडे पाठवला. आरशासारखा करून दे म्हणाला. त्या बिचाऱ्याचं काय, त्यानं चाकावर धरला आणि केला आरशासारखा.

खाणीवरून परतून संग्रहालयात गेली त्या दिवशी शंखी घरी आली ती चपला न काढताच स्वयंपाकघरात आली. मी कणीक मळत होते. माझा हात धरला तिनं, पिठासकट, आणि म्हणाली, "वहिनी, नख लागतच नाही. कुठेच लागत नाही."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी मी स्वतः तिकीट काढून बघायला गेले. काचेत ठेवलेला, वरून दिवा. खोटं कशाला बोलू, देखणा दिसत होता. त्या नागमोडी रेघा अशा उठल्या होत्या जशी भरतकामाची वेल. माणसं वाकून वाकून बघत होती, वा वा करत होती. आणि मला वाटत होतं की कुणाचा तरी चेहरा सोलून काढलाय आणि हे लोक कातडी किती मऊ म्हणून बघतायत.

साहेबाला लाज वाटली का? उलट तो शंखीला म्हणाला, बघा, रेघा आता कुठे नीट दिसतायत. रेघा त्या घराण्यात सगळ्यांच्याच तशा, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. त्यालाही शिक्षण होतं. पण पाहुण्यांनी पाठ थोपटली होती ना. आणि वर त्यानं अट घातली. वर्णनात लिहायचं की शंख पाण्यानं झिजलेला आहे. इतक्या कोट्यवधी वर्षांचा, झिजणारच, कोण विचारतंय. तसं लिहिलं तर संस्थेची सही, नाहीतर लेख पुढे जाणार नाही.

शंखी आवाज चढवणारी नव्हे. तिनं एवढंच विचारलं, "पाण्यानं झिजला होता तर कंगोरे मी मोजले कुठे साहेब, स्वप्नात?"

आलं का ध्यानात? पाण्यानं झिजला म्हटलं की तिची चित्रं खोटी ठरतात. उद्या कुणीही म्हणेल, गुळगुळीत दगडावर हिला तीन-तीन कंगोरे दिसले, बाईला भास झाला. दोन वर्षांचं मान अवघडणं पाण्यात, आणि जात गेली ती गेलीच. आणि खरं लिहावं तर साहेबाची अब्रू जाते.

घरी मोठं भांडण झालं, पण ते माझं आणि तुझ्या आजोबांचं. ते घड्याळं दुरुस्त करायचे. बहिणीला म्हणाले, साहेबाशी वाकडं घेऊ नकोस, एक शब्द तर बदलायचाय, दगडाला काय कळतंय. मी हातातली पळी तशीच ठेवली ओट्यावर. म्हटलं, तुमच्याकडे आलेल्या घड्याळाचा काटा कुणी मोडला आणि वर म्हणाला की लिहून द्या, आपोआप गळाला, तर द्याल लिहून? ते म्हणाले, "नाही देणार. पण दुकान माझं आहे. तिचा पगार दुसऱ्याच्या हातात आहे."

खरं बोलले होते. म्हणून तर जास्त संताप आला. खोट्या माणसावर चिडता येतं, खऱ्या बोलण्यावर चिडून पळी तेवढी आपटता येते.

शंखी आमचं सगळं ऐकत होती. जेवली, ताट घासलं, आणि म्हणाली मी सही न घेताच पाठवणार. संस्थेचं नाव घालणार नाही, नुसतं माझं.

पाठवला. जिथे छापायचं होतं तिथल्या लोकांनी आधी संशयच घेतला. चित्रं मागवली, मापं मागवली, एक जण स्वतः येऊन तिच्यासमोर बसला आणि उलटसुलट विचारून गेला. त्या फरशीवाल्यालाही गाठलं. तो म्हणाला, होय, उंचसखल होता, मीच सपाट केला, काम दिलं ते केलं. त्यानंतर जात मान्य झाली.

आणि साहेबानं काय केलं? तिच्याकडून खणांच्या किल्ल्या काढून घेतल्या. कागदावर लिहिलं की नवीन दालनाला गर्दी वाढली आहे, माणूस हवं. तिला तिकीट खिडकीवर बसवलं. भिंगाखाली कण उडवणारी बाई, तिला म्हणे सुट्टे पैसे मोजा. मी म्हटलं सोड ती नोकरी, आपण काही उपाशी मरत नाही. तर म्हणाली, सोडली तर त्या इमारतीत मला तिकीट काढून शिरावं लागेल.

लेख छापून आला तो ती घरी घेऊन आली. मला कुठे वाचता येतंय. म्हटलं, ते वाक्य वाच. मी पाय पसरून बसले, आता साहेबाचे कसे वाभाडे काढलेत ते ऐकू म्हणून. तिनं बोट ठेवून वाचलं: कंगोरे मोजून झाल्यावर शंख चाकावर घासण्यात आला, आता त्यावर कंगोरे उरलेले नाहीत.

मी म्हटलं, पुढे?

पुढे जाडी, म्हणाली. किती जाड आहे ते.

"आणि त्याचं नाव कुठाय? कुणी घासायला लावला ते?"

"वर्णन शंखाचं आहे, वहिनी. त्याचं नाही."

मला इतका राग आला की मी उठून बाहेर जाऊन बसले. एवढं सगळं सोसून एक ओळ, आणि तीही अशी थंड, जशी पावती. अजून येतो मला तो राग. साहेब मोठा होऊन निवृत्त झाला, त्याला हार घातले, त्याचा फोटो त्या दालनात लावला. आणि शंखी, लेख वाचून दाखवला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन वेळेवर गेली, खिडकीत बसली, आणि तो चकचकीत शंख बघायला आलेल्यांना तिकिटं फाडून देत राहिली.