गवंड्याने ठेवलेले छिद्र

शतकांचे दगड अंगावर वागवणारे ते प्रार्थनामंदिर. त्याच्या तळघरात मृतांना भिंतीतल्या कोनाड्यांत ठेवीत, आणि ते कोनाडे बुजवणारा गवंडी एकच. माणूस अबोल, हात मात्र बोलके. नव्या भिंतीत ओल कोंडू नये म्हणून तळाशी बोटभर छिद्र राखावे, ही बापाची शिकवण. पत्नी गेली, तिचा कोनाडाही त्यानेच बुजवला. डोळे वाहत होते, थापी चालत होती, आणि हाताच्या सवयीने छिद्र राहिले.

पुढे मुलगी वाळू लागली. ओठ पांढरे, जिना चढताना धाप. तिथले मृत रक्तपिशाच होऊन आपल्याच माणसांचे रक्त पितात, ही दंतकथा जुनीच. आता लोक म्हणू लागले, गवंड्याने बायकोला वाट ठेवली. त्याने ओलीचे कारण परोपरीने सांगितले; कोणी ऐकेना. सज्जनहो, त्याचे स्वतःचे मन तरी कुठे ऐकत होते? लेकीच्या गळ्यावर व्रण नाही ना, हे तो चोरून पाही.

एके दुपारी गवंड्याचा थोरला भाऊ पहार घेऊन तळघरात उतरला, मागे शेजारीपाजारी. भिंत फोडायची, प्रेताच्या छातीत खुंटी ठोकायची, पोर वाचवायची. गवंडी आडवा उभा राहिला.

"बाजूला हो. मेलेलीवर माया, आणि जितीवर नाही?"

"दोघींवर आहे, दादा. म्हणून तर पाय कापताहेत."

"मग घाल त्या भोकात बोट. तुझी बायको पीत नसेल, तर भितोस कशाला?"

तो गुडघ्यांवर बसला. बोट आत गेले. काहीतरी गार, ओले लागले. दातखीळ बसायची वेळ आली, तरी बोट निघाले नाही. ओठ मात्र हलले, "प्यायचंच असेल तर माझं पी. पोरीला सोड."

जिन्यावर धाप ऐकू आली. भिंतीचा आधार घेत लेक उतरली आणि आईच्या कोनाड्याला पाठ टेकून बसली.

"काका, मारा पहार. पण आधी मला लागेल." श्वास घेऊन ती म्हणाली, "जिनं मला अंगावर पाजलं, ती माझं रक्त पिईल?"

काय ती माय, आणि काय तो लेकीचा विश्वास! उगारलेली पहार जमिनीवर टेकली. काकाने पोरीला उचलले. ती जगेल की नाही, हे कोणालाच ठाऊक नव्हते. जिना चढताना एकानेही मागे पाहिले नाही. गवंड्याने बोट बाहेर काढले, आणि उजेडात न पाहताच कपड्याला पुसले.