ताईची कामिनी

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, ताईला तर नाहीच. तुम्ही म्हणाल, एका झाडाचं एवढं काय? तीन वर्षं मीही स्वतःला तेच विचारतो आहे.

ताईनं मागच्या दारी कामिनी लावली होती — गुडघ्याएवढी, पांढऱ्या, सुवासिक फुलांची. चूल, शेण, शेत सगळं उरकलं की ती तिच्याजवळ थोडी बसायची. तिचं स्वतःचं म्हणावं असं घरात तेवढंच होतं. मी शिकावं म्हणून तिची शाळा सातवीत सुटली होती — हे खरं तर आधी सांगायला हवं होतं.

लग्न होऊन ती खोपोलीला गेली, कारखान्याजवळच्या चाळीत. अंगण नाही, नुसती गॅलरी. भावोजींनी तिला एक मोठी कुंडी आणून दिली. मी कर्जतहून गाडीनं रोज खोपोलीच्या कॉलेजात जायचो, म्हणून तिनं मलाच सांगितलं, "येताना माजी कामिनी घेऊन ये रं. तू झाडांचंच शिकतोस, तुज्या हातनं जगंल."

शिकत होतोच. सरांनी नुकतंच शिकवलं होतं — झाड हलवताना मुळांभोवतीचा मातीचा गड्डा फुटू द्यायचा नाही. पाणी पिणारी मुळं केसासारखी नाजूक असतात. घरी मी हे मोठ्या ऐटीत सांगितलं. बाबांनी — सहीच्या जागी अंगठा उठवणाऱ्या माझ्या बाबांनी — गड्डा जसाच्या तसा काढला, ओल्या गोणपाटात बांधला आणि माझ्या डोक्यावर दिला.

स्टेशनवर कॉलेजचे मित्र असणार होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, आणि डोक्यावर चिखलाचं गाठोडं... कसं सांगू? मला लाज वाटली.

वाटेत ओहोळ लागतो. तिथं मी गोणपाट सोडलं. लावणीच्या वेळी भाताची रोपं उपटून आम्ही पायावर आपटतो, मुळांची माती झाडतो — तसंच मी ते झाड पायावर आपटलं. हाताला सवय होती. पण कामिनीला हे चालत नाही, हे मला पक्कं माहीत होतं — घरात सगळ्यांना ते सांगणारा मीच होतो. मुळं धुतली, वर्तमानपत्रात गुंडाळली, पिशवीत घातली. गाडीत एकानं डोळा मिचकावत विचारलं, "कोनासाठी रं ही डहाळी?" मी नुसता हसलो. खोटं कशाला बोलू — मला ते आवडलंही.

ताईनं कुंडी भरून ठेवलीच होती. झाड लावलं, बोटांनी माती दाबली, माझ्या पाठीवरून हात फिरवला. आठ दिवसांत पानं गळाली. तिनं मला बोलावून दाखवलं. मी फांदी नखानं खरवडली — आत वाळलेली होती — आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "पाणी जास्त झालं."

कॉलेजात शिकणाऱ्याचं बोलणं. कोण खोटं म्हणणार?

ताई एवढंच म्हणाली, "मलाच कळलं नाय."

तिच्या सासूबाई वाईट नाहीत. पण तेव्हापासून त्यांच्या तोंडी बसलं — हिच्या हाताला झाड लागत नाही.

गेल्या दिवाळीत मी तिच्याकडे गेलो होतो. सासूबाई दारातल्या कुंडीत तुळस लावत होत्या. ताई रोप धरायला वाकली, तशा त्या हसून, अगदी मायेनं म्हणाल्या, "तू नको गं. तुज्या हाताला लागायचं नाय ते." ताईही हसली. दोन्ही हात पदराखाली घेतले आणि मागे सरकली.

मी तिथंच बसलो होतो. त्या हातांत काही वाईट नाही, हे त्या घरात फक्त मला माहीत होतं.

मग तिनं मला चहा आणून दिला. साखर बरोबर झाली का, विचारलं. मी हो म्हणालो.