भोंगाताईंच्या श्वासनळीतली हाडं

भोंगाताईंना मी पहिल्यांदा भेटलो तेव्हा माझ्या अंगावर एक टॉवेल होता आणि काखेत उशी. नव्या खोलीतली पहिलीच सकाळ. गालाला साबण लावत होतो, तोच असा काही आवाज उठला की आरशाला तडा गेला, तारेवरचे कावळे गाव सोडून गेले आणि तळमजल्यावरच्या ठार बहिऱ्या आजोबांनी "कोण आहे?" म्हणत दार उघडलं. इमारतीला आग लागलीय आणि भोंगा वाजतोय, अशी माझी खात्रीच झाली. हाताला लागेल ती मौल्यवान वस्तू उचलून मी रस्त्यावर धावलो. समोर भाजीचा घाऊक बाजार होता आणि ओट्यावर उभी राहून एक ठेंगणी, रुंद बाई काकड्यांचा लिलाव पुकारत होती. मला बघून ती थांबली.

"दादा, काकड्यांसाठी एवढं नटून कशाला आलात?"

अख्खा बाजार हसला. उशी मी अजून वापरतो.

त्यांना सगळे तोंडावरच भोंगाताई म्हणत आणि त्या खुशाल ओ देत. ओटा त्यांच्या सासऱ्यांचा. नवरा वारल्यावर धाकट्या दिराने पुकारून पाहिलं, पण त्याचा आवाज पहिल्या रांगेतल्या कोबीपर्यंतही पोचला नाही. मग ताई ओट्यावर चढल्या त्या चढल्याच. बाजारात गोंगाट इतका की निम्मं काम हातांवर चाले. बोट वर म्हणजे अजून चढवा, मूठ हलवली म्हणजे नामंजूर, तळहातावर थाप म्हणजे सौदा पक्का. उरलेलं निम्मं काम ताईंचा गळा करी.

पुढे त्या गळ्यात काहीतरी बिनसलं. भाव पुकारता पुकारता मधेच दम संपायचा आणि श्वास घेताना शीळ वाजायची. एक डॉक्टर म्हणाले दमा आहे, फवारे ओढा. दुसऱ्यांनी फवारे दुप्पट केले. तिसरे म्हणाले, "मनावर घेऊ नका," आणि झोपेची गोळी दिली.

"मन माझं धडधाकट आहे," ताई म्हणाल्या. "दुखणं त्याच्या वरच्या मजल्यावर आहे."

दिराने तेवढ्यात कर्णा आणि माइक विकत आणला. माणूस वाईट नव्हता. फक्त मनाने कधीचाच ओट्यावर जाऊन बसला होता.

"वहिनी, आता घरी बसा. खूप केलंत."

"माझा फोटो भिंतीवर लागला की मग आण तुझा कर्णा. तोवर त्यात लसूण भर."

शेवटी त्या फुप्फुसांच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. दिराला त्या दिवशी लिलाव सांभाळायचा होता, म्हणून सोबत मी, समोरचा शेजारी. बाई तरुण आणि इतक्या किरकोळ की ताईंच्या एका हाकेत खिडकीबाहेर जातील. पण कान तिखट. "दम्यात शीळ बहुतेक श्वास सोडताना वाजते, तुमची घेताना वाजतेय," त्या म्हणाल्या. "आपण टाकी धूत बसलोय आणि खडे बहुतेक नळात आहेत. दुर्बिणीने आत बघू."

गुंगीचं औषध ताईंनी साफ नाकारलं. "माझ्या घरात कोण शिरतंय ते मला बघू दे." मग घशात कडू फवारा मारून तो बधिर केला आणि नाकातून पेन्सिलीहून बारीक, लवचीक नळी आत सोडली. टोकाला दिवा आणि कॅमेरा.

"नळी आत असेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही हं," बाई म्हणाल्या. हे वाक्य ताईंना ऐकवणारी ती पृथ्वीवरची पहिली व्यक्ती.

पडद्यावर श्वासनळी दिसली. गुळगुळीत असायची ती पांढऱ्या टणक गाठींनी भरलेली, खडी टाकून तशीच सोडलेल्या रस्त्यासारखी. चिमट्याने तुकडा तोडताना करकर वाजलं. "हे मी फक्त पुस्तकात पाहिलं होतं!" बाई हरखल्या. मग मदतनिसाला हळूच म्हणाल्या, "कर्करोग नसेल तर हात न लावलेला बरा. ओरडणं सोडलं की भागेल."

टेबलावरून एक मूठ वर आली आणि हलली.

"दुखतंय का?" मूठ. "गुदमरतंय?" मूठ, आणखी जोरात. सगळे घाबरले, नळी झटकन बाहेर काढली. बधिर घशातून घरघर आली:

"ना... मंजूर."

मी बाहेर बाकावर होतो, आतलं सगळं ताईंनी नंतर हातवाऱ्यांसकट सांगितलं. हा शब्द मात्र बाकापर्यंतही ऐकू आला.

अहवाल आला: हाड आणि कूर्चा, म्हणजे मऊ कुरकुरीत हाड. कर्करोग नाही. दिराने बाजारभर सांगितलं, "वहिनींच्या जिभेला हाड नाही म्हणत होतो ना? ते घसरून खाली गेलंय!" ताईंनी त्याला दुधी फेकून मारला. नेम चांगला होता.

डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं, "बेशुद्ध करून तोंडातून धातूची सरळ नळी घालायची, गाठी खरवडायच्या, लेसरने जाळायच्या. सगळ्या निघणार नाहीत. रक्त येऊ शकतं. आवाजाची हमी नाही. नाही केलं, तर जपून बोलत कितीही वर्षं काढाल."

"जपून मी नवऱ्याशीही बोलले नाही. आणि हमी मी टोमॅटोचीही देत नाही, बाई. किती मोकळं कराल ते बोला."

बाईंनी दोन बोटांत फट दाखवली. ताईंनी बोट वर केलं. फट किंचित वाढली. ताईंचं बोट वरच.

"ताई, श्वासनळी आहे. रस्ता रुंद करायला नाही निघालोय."

ताईंनी तळहातावर थाप मारली.

शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरीणबाईंनी घालून दिलेली गप्प राहण्याची मुदत संपली आणि ताई ओट्यावर चढल्या. तोंड उघडलं तर आतून गंजलेल्या बिजागरीचा आवाज. दिराने माइक पुढे केला. ताईंनी तो भोपळ्यांच्या पाटीत ठेवला आणि त्याच खरखरीत आवाजात सगळा माल, कुठल्या शेतातला इथपासून ओट्यावरच्या भावापर्यंत, एका दमात पुकारला. शीळ नाही, खंड नाही. ऐकू यावं म्हणून बाजार जन्मात पहिल्यांदा गप्प झाला.

"काय रे, मेलंय का कोणी?" ताई खरखरल्या. "बोली लावा!"

भराभर हात वर गेले. दिराने कर्ण्याची वायर गुंडाळली.

गाठी नंतर वाढल्या नाहीत. वर्षभराने बाजार शहराबाहेर हलला. तिथे भाव पडद्यावर दिसतात, पुकारावे लागत नाहीत. ओट्याच्या जागी आता गाड्या लावतात.