यंदाही उपास माझ्याकडे

काल सकाळी सक्करदऱ्याच्या आमच्या घरी घट बसले. आरती झाली, मी भगरीचं ताट घेऊन बसलो आणि समोर बायको, कमल, पोळी अन् पाटवडीचा रस्सा घेऊन बसली... ऐन नवरात्रात.

शेजारच्या काकूंनी दारातून पाहिलं आणि तिथूनच परत गेल्या. त्यांचंही चूक नाही. इतकी वर्षं त्यांनी कमलला हे नऊ दिवस उपाशीच पाहिलंय.

गोष्ट मागच्या वर्षीची. आषाढापासून कमलचं जेवण कमी झालं होतं. दोन घास खाल्ले की ताट बाजूला सारायची, म्हणायची, पोट भरलं. चातुर्मास लागलेला, तिचं एक वेळचं जेवण सुरू... मला वाटलं, देवीची सेवा मुरली, आता अन्नावरची वासनाच गेली.

खरं सांगतो, मला अभिमान वाटायचा. ऑफिसात दोघा-तिघांना सांगूनही झालं होतं.

पोट फुगलं म्हणाली, की ओवा आणि काळं मीठ. कंबर दुखली, की शेक. लघवीला सारखं जावं लागतं म्हणाली, तर आता वय झालं... तिच्या प्रत्येक तक्रारीला आमच्या घरात उत्तर तयार असायचं. मी तार ऑफिसात खिडकीवर बसतो. दिवसभर लोकांच्या निकडीच्या तारा घेतो. घरातलं मात्र ध्यानात आलं नाही.

घट बसायच्या आदल्या दिवशी माई आली, पारशिवनीहून एसटीनं. माई म्हणजे माझी मोठी बहीण. आली की पिशवी ठेवून आधी कमलची ओटी भरते, ही तिची रीत.

तांदूळ-नारळ पदरात घालून तिनं पदर कमरेला खोचून दिला आणि तिचा हात तिथेच थांबला. परकराची नाडी पार टोकाशी बांधलेली होती, कातडीवर वळ उठले होते.

"हे काय वं कमल?"

"गॅस आहे जी, माई."

जेवताना माईनं मला धरलं.

"बायको जेवत नाही म्हणून तू लोकाईले सांगत फिरून राहिला. उपासानं पोट आत जाते का बाहेर येते गा?"

मी घास ताटात ठेवला आणि आषाढापासूनचं सगळं तिला सांगितलं.

दुसऱ्या दिवशीच बायकांच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं, असं माईनं ठरवून टाकलं. कमल ऐकेना. घट उठू द्या, दसरा झाला की जाऊ, म्हणाली. दहा दिवसांचा तर प्रश्न... आणि क्षणभर मलाही तिचंच पटलं, हे लपवत नाही.

मग आमच्या गावची एक रीत आठवली. घरात कोणी आजारी पडलं, तर त्याचा उपास दुसऱ्यानं धरायचा. सकाळी घट बसले, तसे मी देव्हाऱ्यापुढे हात जोडले आणि कमलला म्हणालो, "यंदाचा उपास माझ्याकडे. अखंड दिव्याकडे माई पाहील. तू चाल."

ती म्हणाली, "तुमच्यानं होते का?" पण साडी बदलायला उठली.

डॉक्टरीणबाईंनी पोट तपासलं, किती दिवसांपासून असं होतंय ते विचारलं. मग सोनोग्राफी करायला पाठवलं. ते मशीन नागपुरात नुकतंच आलं होतं. डावीकडच्या अंडाशयात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. रिपोर्टातला तो शब्द मी दवाखान्याच्या व्हरांड्यात उभा राहून दोनदा वाचला... कॅन्सर.

पण गाठ तिथल्या तिथेच होती, पसरली नव्हती. पुढे औषधाच्या सलाइन झाल्या, केस गेले, अंगात त्राण राहिलं नाही. संक्रांतीपर्यंत माई आमच्याकडेच होती. आता केस मानेपर्यंत आलेत. तपासणीला अजून जावं लागतं, पण मागचे सगळे रिपोर्ट चांगले आहेत.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, की या आजाराच्या खुणा अगदी साध्या दिसतात, म्हणून बायका अंगावर काढतात. लवकर पोट भरणं, पोट फुगणं, ओटीपोट दुखणं, वारंवार लघवी... हे रोजचंच झालं आणि दोन-तीन आठवड्यांत गेलं नाही, तर दाखवायचं. बहुतेकदा दुसरंच काही निघतं. पण ते घरी बसून ठरवायचं नाही. आम्हाला वेळेत कळलं, सगळ्यांना कळतंच असं नाही.

तर काल... कमलनं वाटी रिकामी केली आणि सहज पुढे धरली.

"वाढा आणखी."

भगर तशीच ठेवून मी उठलो. इतकी वर्षं देवीपुढे नैवेद्याचं ताट ठेवत आलो. काल तो रस्सा वाढताना मन तसंच भरून आलं.