डबल स्टँडवरून खाली घेतलेली गाडी

“पाय टेकंना की तिचा! राहू दे ती नोकरी,” असं म्हणत आप्पा शोरूमच्या दाराकडे निघालेसुद्धा.

मी धावत जाऊन आडवा उभा राहिलो. सोलापुरातल्या एका शोरूममध्ये टेस्ट राइड देणं हे माझं काम. आप्पा अक्कलकोटकडचे. त्यांच्या मुलीला, महानंदाला, वाड्यावस्त्यांवर फिरून मेंढरांना लस टोचायची नोकरी नुकतीच लागली होती. तिकडच्या खडीवर स्कूटरची लहान चाकं नाचतात, म्हणून मोटरसायकलच हवी. आप्पांची अट एकच. दोन्ही पाय नीट टेकले तर गाडी, नाहीतर घरी बस.

समोर दोन गाड्या होत्या. इंजिन सारखंच, वजनही जवळपास तेवढंच. मॅनेजरनी ब्रोशर बघून तिला कमी उंचीच्या गाडीवर बसवलं होतं. बिचारीची नुसती बोटं टेकत होती.

“सर, दुसरी दाखवू?”

“अरे, ती अजून उंच आहे. ब्रोशर वाच जरा.”

“ब्रोशरला मांड्या नसतात, सर.”

आपल्याकडे गाडी डबल स्टँडवर लावूनच सगळे बसून बघतात, फोटो काढतात. तेव्हा मागचं चाक अधांतरी असतं. गाडी उंच वाटणारच! चाक जमिनीवर आलं की माणसाच्या वजनाने शॉकअब्सॉर्बर दबतो आणि सीट खाली येते. मी दोन्ही गाड्या खाली घेतल्या. लशीच्या डब्याऐवजी मागे ऑइलचा जड खोका बांधला.

आधी कमी उंचीची. तिची सीट पुढून रुंद. मांड्या फाकतात, पाय तिरका पडतो, पायाची लांबी तिथेच खर्च होते. त्यात फूटरेस्ट पोटरीला टोचत होता. टाचा हवेतच.

मग उंच गाडी. हिची सीट टाकीजवळ निमुळती, फूटरेस्ट जरा मागे. महानंदाने पाय सरळ खाली सोडले आणि किंचाळलीच, “आप्पा, टाच टेकली! दोन्ही!”

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. वाजवल्याच.

“हितं फरशीवर टेकतंय वो,” आप्पा म्हणाले. “चढावर काय?”

लायसन्स तिच्याकडे होतं. हेल्मेट घालून ती चक्कर मारून आली आणि शोरूमच्या रॅम्पवर मधोमध मुद्दाम थांबली. दोन्ही पाय रोवून म्हणाली, “आप्पा, बसा मागं.”

मी झटकन खोका सोडला. आप्पांनी आजूबाजूला बघून घेतलं, लेकीचा खांदा धरला आणि चढले. गाडी जागची हलली नाही.

“व्हय की,” ते हळूच म्हणाले. मग मोठ्याने, “आता थांबलीस कशाला? चल, मला बी एक चक्कर मार!”

तेव्हापासून कुणी डबल स्टँडवरच्या गाडीवर चढायला लागलं की मी आधी गाडी खाली घेतो. संध्याकाळपर्यंत माझी कंबर धरते. पण गिऱ्हाइकाची टाच कुठे येते ते कळतं.