उडी आधी ठरवायची

आमच्या गुंद गावाला सुट्टीला येणारा शेजारी परदेशात हौशी मालकांची जुनी लढाऊ विमानं उडवतो. इथं जीप चालवतो. चावी फिरवण्याआधी दर वेळी मला बजावतो, "आज्जी, उतारावर ब्रेक गेला तर मी डावीकडं बांधावर घालणार. 'उडी' म्हटलं की उडी. का म्हणून विचारायचं न्हाई."

एकदा मी हसून म्हटलं, "अरे, पोरवयात आमची बैलगाडी उधळली. सगळ्यांनी उड्या टाकल्या. मी गुळाची ढेप कवटाळून विचार करत बसले. गाडी चिखलात रुतली, बैल रवंथ करायला लागले, तेव्हा ही शहाणी उडी मारती झाली!"

तो हसला नाही. "वैमानिकबी असंच करतात, आज्जी. दांडी ओढली की खुर्ची माणसाला घेऊन बाहेर उडती. पण विमान सावरंल म्हणत बसतात, आणि वेळ जाती. म्हणून जमिनीवरच ठरवायचं."

परवा रामनगरला निघालो, तेवढ्यात तिकडच्या एका विमानमालकाचा फोन आला. खुर्ची उडवणारी काडतुसं जुनी झालेली, नवी मिळेनात. खुर्ची तशीच बंद ठेवून, मागं पाहुणा बसवून विमान उडव, नाहीतर दुसरा वैमानिक बघतो, असं त्याचं म्हणणं.

"मग दुसरा बघा," म्हणून यानं फोन ठेवला. त्याच विमानासाठी हा सुट्टी संपायची वाट बघायचा. आरशाला टांगलेला त्या विमानाचा फोटो त्यानं बोटानं सरळ केला, आणि चावीला हात लावून म्हणाला, "आज्जी, उतारावर ब्रेक गेला तर..."

मी मांडीवरची फणसाची पिशवी गुपचूप खाली ठेवली.