फॉन आल्टेनमोर, मुक्काम माबेला

आमच्या साडूंना जर्मन सरदार घराण्यांचा जेवढा अभिमान आहे, तेवढा खुद्द जर्मनीत कोणाला उरला असेल असं मला वाटत नाही. साडू जर्मनीला कधी गेलेले नाहीत. मस्कतबाहेर माबेल्याला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात, पंपांच्या कंपनीत खरेदी बघतात आणि तिथल्या त्यांच्या साहेबाचं आडनाव 'फॉन आल्टेनमोर' आहे, एवढाच काय तो संबंध. पण हा 'फॉन' म्हणजे खानदानी सरदारकीची खूण, हे कळलं त्या दिवसापासून गडी कामातून गेला. "अहो, फॉन म्हणजे आपला 'कर'च! ते गावाच्या आधी लावतात, आपण नंतर," हे त्यांनी मला एका बैठकीत तीनदा सांगितलं होतं. साडूंच्या आडनावातही 'कर' आहे. ते गाव त्यांनी पाहिलेलं नाही, त्यांच्या वडिलांनीही नाही. ते कोकणात की घाटावर यावरही घरात एकमत नाही. आल्टेनमोरांचा मूळ किल्ला नदीच्या कुठल्या काठावर होता, हे मात्र ते झोपेत सांगतील.

त्यांच्याकडे शुक्रवारी दुपारी जेवायला जाणं ही शिक्षा होती. साडू टेबलावरच्या भांड्यांनी घराण्याचा नकाशा मांडत. आमटीचं पातेलं म्हणजे मूळ किल्ला. थोरल्याशी भांडून धाकटी पाती पूर्वेला निघाली आणि कोशिंबिरीपाशी, म्हणजे बाल्टिक समुद्राकाठी, जमीनदार झाली. पुढे युद्धात सगळं गमावून घोडागाड्यांत बिऱ्हाड घालून ती परत पश्चिमेला येईपर्यंत कोशिंबिरीला हात लावायची सोय नव्हती, कारण तिथे निर्वासित अडकलेले असत. एक चमचा ब्राझीलला गेला होता, तो ताकाजवळ पडलेला असे. मस्कतच्या जुन्या मत्रह बाजारात तर त्यांनी हा सगळा प्रवास एका गुजराती लोबानवाल्याला उभ्या उभ्या ऐकवला. त्या बिचाऱ्याच्या चार पिढ्या त्याच गल्लीत गेलेल्या. शेवटी तो म्हणाला, "साहब, लोबान लेना है कि नहीं?"

या वेडाचं मूळ सगळ्या घराला ठाऊक होतं. साडूंना एकुलती एक मुलगी, इरा. तिचं लग्न अर्जुनशी ठरलं तेव्हापासून ते उठता-बसता म्हणू लागले, "त्यांनी बघा, कुठून कुठे गेले पण नाव टिकवलं! आमचं माझ्यापाशी खलास." हे ते इरासमोरच म्हणत, आणि ती फोनमध्ये बघत राही. मला तेव्हा त्यांचा भयंकर राग येई.

साहेब कायमचा मायदेशी निघाला, तेव्हा साडूंनी त्याला घरी जेवायला बोलावलं. अळूवडीच्या आधी भेट दिली. सोनेरी चौकटीत अख्खा वंशवृक्ष, आणि शेंड्याच्या पानावर साहेबाचं नाव! साहेबाने तो बराच वेळ निरखून पाहिला. मग प्रेमाने म्हणाला, की माझी बायको फार खूश होईल, हे तिचं घराणं. त्याचं स्वतःचं जन्माचं आडनाव गल्लोगल्ली सापडणारं होतं. सासऱ्यांना नुसत्या मुलीच. लग्नाआधी त्यांनी आमचं आडनाव लावशील का असं विचारलं, यानं लावलं. त्यांच्याकडे नवऱ्याला तसं चालतं.

साडू चौकट धरून तसेच उभे होते. बाप मुलाला नाव देतो, यापलीकडे काही असू शकतं हे एवढ्या अभ्यासात त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. मेहुणीनं पटकन साहेबाच्या पानात दोन वड्या वाढल्या आणि वेळ निभावली.

साहेब गेल्यावर इरा टेबल पुसत होती. "त्याच्या म्हाताऱ्या सासऱ्यानं सरळ विचारलं हो," साडू मला म्हणाले. मग तिच्याकडे वळून, कधी नव्हे त्या दबक्या आवाजात, "तू तरी... लग्नानंतर आपलंच आडनाव ठेवशील?"

इराचं मराठी अडखळतं, पण त्या दिवशी ते अडलं नाही. "बाबा, मी तर चेंज करणारच नव्हते. अर्जुनला पण माहितीये. तुम्ही मला कधी विचारलंच नाही." फडकं पिळता पिळता तिनं विचारलं, "पण ते आपलं गाव नक्की कुठे आहे?"



हल्लीही शुक्रवारी आम्ही जातो. आल्टेनमोर आता टेबलावर नसतात. साडू आमटीचं पातेलं हातात घेऊन उभे असतात आणि इरा विचारते, "इथे ठेवू या का, बाबा?" ते कधी ताटांच्या डावीकडे, कोकणात बघतात, कधी उजवीकडे, घाटावर. आपलं मूळ गाव कुठे मांडायचं, हे अजून त्यांना ठरवता येत नाही. आमटी गार होते. मला आता राग येत नाही.